पावागडाचे तीन विसावे

पावसाने हवा धुऊन निघाली की रावपुऱ्यातल्या आमच्या घराच्या गच्चीवरून ईशान्येला पावागड दिसतो. सपाट मुलखात एकटाच उभा राहिलेला डोंगर. लहानपणी आजोबा तिकडे बोट दाखवून विचारायचे, "किती लांब असेल रे?" मी काहीही आकडा सांगे. ते म्हणत, "कुठल्या वाटेनं, ते आधी विचारायचं."

आजोबा बडोदे संस्थानात मोजणीच्या कामावर होते. शेताच्या बांधावर साखळी कशी धरायची, हे त्यांनी मला गच्चीच्या जिन्यावर सुतळी धरून शिकवलं होतं. उतारावर साखळी जमिनीला चिकटवायची नाही. ती आडवी, पाणसळीत ताणायची, खालच्या टोकाला ओळंबा सोडायचा आणि पायरी-पायरीने खाली उतरायचं. कारण नकाशा कागदावर सपाट असतो आणि त्यात आडवं अंतरच बसतं. त्या वयात यातलं मला निम्मं कळलं. उरलेलं निम्मं कळायला गेल्या मार्गशीर्षात पावागडाची वाट फीत घेऊन मोजावी लागली.

निमित्त भाचीचं झालं. ती धावते. शहरातल्या अर्ध-मॅरेथॉनला तिच्या मनगटावरच्या घड्याळात नेहमी २१.१ किलोमीटरपेक्षा काहीतरी जास्तच आकडा येतो आणि दरवेळी ती म्हणते, आयोजकांनी वाट लांब आखली. मॅरेथॉनची वाट जीपीएसने आखत नाहीत, हे मी तिला सांगितलं. ती सायकलने मोजतात. चाकाला मोजणी-यंत्र लावायचं, फितीने मोजलेल्या सरळ पट्ट्यावर सायकल चालवून ते जुळवून घ्यायचं आणि मग धावपटू ज्या आतल्या कडेने वळेल त्याच कडेने सायकल न्यायची. वर वाट आखूड पडू नये म्हणून हजारात एक या प्रमाणात अंतर मुद्दाम जास्त धरायचं. म्हणजे ४२.१९५ किलोमीटरला सुमारे ४२ मीटर. घड्याळातले जादा शे-दोनशे मीटर त्यातून येत नाहीत. ते घड्याळातूनच येतात.

"मग डोंगरात काय होत असेल, मामा?"

एवढ्यावर आम्ही निघालो. तिचं घड्याळ, माझा फोन, तीस मीटरची फायबरची फीत, खडू आणि वही.

पहाटे रावपुरा टॉवरपाशी भेटलो. चिमणाबाई टॉवर हे त्याचं खरं नाव, बांधकाम १८९६ चं. तिथेच पहिली नोंद केली. आदल्या संध्याकाळी मी फोन तासभर उघड्या गच्चीवर ठेवला होता आणि नंतर तासभर आमच्या चौकात, चारी बाजूंनी भिंती असलेल्या जागी. गच्चीवर त्याने स्वतःला पाच-सात मीटरच्या घेरात धरून ठेवलं. चौकात मात्र तो जागचा न हलता शेजारच्या छपरावर गेला, तिथून रस्त्यावर आला आणि परत आला. नकाशावर त्याची रेघ गुंतलेल्या दोऱ्यासारखी दिसत होती.

याचं कारण साधं आहे आणि ते एकदा नीट समजून घेतलं की पुढचं सगळं उलगडतं. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरणारे जीपीएसचे उपग्रह फक्त वेळ आणि स्वतःची जागा सांगत असतात: या क्षणी मी इथे आहे. तो संदेश आपल्यापर्यंत यायला किती वेळ लागला, त्यावरून फोन अंतर काढतो. संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो, म्हणून सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक म्हणजे जमिनीवर ३०० मीटर. चार उपग्रह दिसले की जागा आणि वेळ दोन्ही ठरतात. उघड्या आकाशाखाली चांगला फोन साधारण ४.९ मीटरच्या घेरात जागा सांगतो, असा अमेरिकन सरकारचाच आकडा आहे. २ मे २००० पूर्वी ही सोय नव्हती. तोवर सामान्य माणसाच्या यंत्रासाठी संदेशात मुद्दाम गढूळपणा मिसळला जाई आणि जागा शंभर मीटरपर्यंत चुके. आता गढूळपणा मिसळण्याचं काम भिंती, झाडं आणि कडे करतात. भिंतीवर आपटून आलेला संदेश सरळ आलेल्यापेक्षा जास्त चालून येतो, फोनला वाटतं उपग्रह लांब आहे आणि तो आपली जागा सरकवतो.

न्यायमंदिर, लहरीपुरा दरवाजा, मांडवी, पाणीगेट. शहर मागे पडलं आणि हालोलच्या रस्त्याला बस लागली. रस्त्याने पावागडाचं अंतर सुमारे पन्नास किलोमीटर. बडोद्यातून वाहणारी विश्वामित्री याच डोंगरात उगम पावते. पावसाळ्यात ती आमच्या शहरात पाणी घेऊन येते तेव्हा पावागड किती जवळ आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही.

चांपानेरला उतरलो तेव्हा तटावर ऊन यायला लागलं होतं. गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याने १४८४ मध्ये पावागड घेतला आणि पायथ्याशी राजधानी वसवली. पुढे हा गड शिंद्यांकडे आला आणि १८६१ मध्ये त्यांनी गडासह पंचमहाल इंग्रजांना दिले. २००४ पासून चांपानेर-पावागड जागतिक वारसा आहे. बहुतेक यात्रेकरू गाडीने माचीपर्यंत जातात आणि तिथून पायऱ्यांनी किंवा रोपवेने वर. आम्हाला पायथ्यापासून दरवाज्यांमधून चढणारी जुनी पायवाट हवी होती.

दोन्ही यंत्रं एकाच दगडावर ठेवून सुरू केली. भाचीचं घड्याळ दर सेकंदाला जागा टिपतं. माझ्या फोनवर बॅटरी वाचवायची सोय चालू होती, तो दर तीस सेकंदांनी टिपतो. हा फरक मी मुद्दाम ठेवला होता.

माचीच्या खाली एका जागी वाट झाडीतून वळसे घेत चढते. दगडी फरसबंदी, मधे मधे उखडलेली, एका बाजूला तुटका कठडा. फीत तिथे काढली. भाची वरच्या टोकाला, मी खालच्या. प्रत्येक तीस मीटरला खडूची खूण, वळणावर पाच-पाच मीटरचे तुकडे, म्हणजे फीत वळण कापणार नाही. पायाखालचा दगड गुळगुळीत झालेला, कडेला कोरडं गवत. एका वळणावर फीत करवंदीत अडकली, ती सोडवून तो तुकडा पुन्हा मोजला. दोन माकडं कठड्यावर बसून होती. जाताना एकदा आणि येताना एकदा मोजलं. दोन्ही मापांत अर्ध्या मीटरहून कमी फरक. वहीत लिहिलं: ३१० मीटर.

त्याच तुकड्याला घड्याळाने ३५२ मीटर म्हटलं. फोनने २५५.

भाची कठड्यावर बसली आणि दोन्ही रेघा मोठ्या करून बघू लागली. फोनची रेघ वळणं गिळून गेली होती. तीस सेकंदांत आम्ही एक वळसा ओलांडून दुसऱ्यात शिरायचो आणि फोन दोन टोकं सरळ जोडून मोकळा व्हायचा. घड्याळाची रेघ वळणांवर होती, पण ती थरथरत होती. प्रत्येक ठिपका वाटेच्या दोन मीटर डावीकडे, मग तीन मीटर उजवीकडे, मग मागे. हे वेडेवाकडे धक्के एकमेकांना कापून शून्य होतील असं वाटतं. जागेच्या बाबतीत बऱ्याच अंशी होतातही, अंतराच्या बाबतीत होत नाहीत. सरळ रेघेपासून डावीकडे गेलं तरी रेघ लांबते आणि उजवीकडे गेलं तरी लांबतेच. तिला आखूड करणारा धक्का क्वचित. साल्झबर्गच्या संशोधकांनी २०१६ मध्ये हे गणिताने दाखवून दिलं: ठिपक्यांत यादृच्छिक चूक असेल तर जोडून काढलेलं अंतर सरासरीने खऱ्यापेक्षा जास्तच येतं. शहरातल्या शर्यतीत भाचीला दिसणारे जादा मीटर हेच.

म्हणजे ठिपके विरळ घेतले तर वाट आखूड होते आणि दाट घेतले तर चुकांची बेरीज होऊन लांब होते. कंपन्या ही थरथर गाळायचा प्रयत्न करतात, पण गाळणी जाड झाली की खरी वळणंही गाळली जातात. डोंगरातल्या वाटेला वळणं भरपूर आणि आकाश थोडं, त्यामुळे दोन्ही चुका तिथे सगळ्यात मोठ्या.

"आणि चढ? चढामुळे नाही का चुकत?" भाचीने विचारलं. हा प्रश्न सगळेच विचारतात आणि आजोबांची साखळी मला इथेच आठवली. बरीच यंत्रं आडवंच अंतर धरतात, हे खरं. पण हिशेब करून बघू. पायथ्यापासून वरपर्यंत साडेपाच किलोमीटर वाट आणि साडेसहाशे मीटर चढ धरला, तर काटकोन त्रिकोणाच्या नियमाने चढामुळे पडणारा फरक चाळीस मीटरही भरत नाही. तीस अंशांचा उभा चढ असेल तिथे मात्र शंभराचे ११५ होतात. पण अशा चढाचे तुकडे पूर्ण वाटेत थोडेच असतात. चढाला दोष देऊन आपण खऱ्या कारणाकडे दुर्लक्ष करतो.

माचीला चहा घेतला. पंचवीस मिनिटं बसलो. या पंचवीस मिनिटांत घड्याळाच्या बेरजेत सव्वाशे मीटर वाढले. नकाशावर टपरीच्या छपराखाली आमच्या चौकातल्यासारखाच दोऱ्याचा गुंडा तयार झाला होता. विश्रांतीला यंत्र थांबवायचं, हे मी तेव्हा वहीत ठळक लिहून घेतलं.

टपरीवर एक गृहस्थ पाण्याच्या बाटल्यांची खोकी बांधत होते. पन्नाशीचे, सडपातळ, खांद्यावर जाड चुंबळ. वरच्या दुकानांत माल पोचवतात. मी गुजरातीत विचारलं, इथून वरचं कालिकामातेचं मंदिर किती लांब? त्यांनी खोक्यावरची गाठ आवळली आणि म्हणाले, "अहींथी त्रण विसामा."

तीन विसावे. मीटर नाही, पायऱ्या नाहीत. आम्ही त्यांना विचारून त्यांच्या मागोमाग निघालो. भाची वेळ नोंदवत होती. पहिला विसावा एका भिंतीच्या सावलीत, जिथे ओझं न उतरवता कठड्यावर टेकवता येतं. तिथपर्यंत चौदा मिनिटं. दुसरा उघड्यावर, एका रुंद पायरीवर, पंधरा मिनिटं. तिसरा दुधिया तलावाच्या अलीकडे, पुन्हा चौदा मिनिटं. नकाशावर हे तीन टप्पे अजिबात सारखे नव्हते. पहिला सगळ्यात लांब, दुसरा सगळ्यात आखूड, कारण तिथे चढ सगळ्यात तीव्र. पाठीवर ओझं असलेल्या माणसाला एका दमात जेवढं चढता येतं तेवढा एक विसावा. गुजरातीत आणि मराठीत शब्द जवळजवळ एकच आहे आणि मापही एकच.

वर पोचल्यावर दोन्ही यंत्रं थांबवली. घड्याळ ६.२ किलोमीटर, फोन ४.९. खरी वाट यांच्या मधे कुठेतरी. फितीच्या तुकड्यात जेवढी चूक निघाली तिच्या प्रमाणात पाहिलं तर साडेपाचच्या आसपास. उंचीतही गोंधळ होता. पावागडाची उंची कुठे ७६२ मीटर छापलेली असते, कुठे ८००. जीपीएसची उंची आडव्या जागेपेक्षा मुळातच जास्त चुकते, कारण सगळे उपग्रह डोक्यावर असतात, पायाखाली एकही नसतो. शिवाय जीपीएस उंची मोजतो ती पृथ्वीच्या एका गुळगुळीत गणिती गोळ्यापासून, समुद्रसपाटीपासून नव्हे. आपल्या भागात समुद्रसपाटी त्या गोळ्याच्या पन्नास-साठ मीटर खाली आहे. यंत्राने ही दुरुस्ती केली नसेल तर डोंगर एका फटक्यात तेवढा बुटका होतो. भाचीच्या घड्याळात हवेचा दाब मोजायची सोय आहे. पायथ्याशी उंची जुळवून घेतली तर तिचा चढाचा आकडा जीपीएसपेक्षा भरवशाचा.

कालिकामातेच्या दर्शनानंतर आम्ही खाली तलावाच्या काठी डबे उघडले. घरून थालीपीठ, वाटेत घेतलेला खमण. समोर सगळा सपाट मुलूख, धुक्यात बडोदं असावं त्या बाजूला नुसती पिवळसर रेघ. इथे बसून मला हिंगणघाट आठवलं. वर्धा जिल्ह्यातल्या त्या गावात विल्यम लॅम्टनची कबर आहे. १८०२ मध्ये मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची एक पायारेघ पोलादी साखळीने मोजून त्याने हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली आणि २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला तो वारला. ती एक रेघ मोजायला जवळजवळ दोन महिने लागले होते. साखळी उन्हाने किती वाढली हे पाहायला थर्मामीटर लावलेले असत. एवढा काटेकोर माणूस, पण डोंगरावर साखळी घेऊन तो चढला नाही. पुढचं बहुतेक सगळं त्याने कोनांवर मोजलं, एका शिखरावरून दुसऱ्या शिखराकडे बघून. मधली दरी, झाडी, पायवाट त्याच्या हिशेबात आलीच नाही. शिखरं कुठे आहेत हे सांगणारे नकाशे आपल्याकडे दोनशे वर्षांपासून आहेत, पायवाटांची लांबी त्या मोजणीचा विषयच नव्हता. ती मोजायला आपण निघालो आहोत, मनगटावरच्या घड्याळाने.

हे मी उगाच लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही पाचजण बेलपाड्याहून नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर निघालो होतो. कोकणकड्याच्या शेजारची ती नळी म्हणजे दोन उभ्या भिंतींमधली घसरणीची, मोठमोठ्या दगडांची घळ. वर आकाशाची एक पट्टी. त्या पट्टीत दिसतील तेवढेच उपग्रह, तेही जवळजवळ एका रांगेत, आणि उरलेले संदेश ओल्या कातळावर आपटून येणारे. कुणीतरी आधी नोंदवलेली रेघ आमच्या फोनवर होती. दुपारी दोनला ती म्हणाली, माथा ६०० मीटर. आम्ही पाणी वाटून घेतलं, ते एका तासाच्या हिशेबाने. माथ्यावर पोचलो तेव्हा पावणेपाच वाजले होते. शेवटचा तासभर एकाकडेही पाणी नव्हतं आणि आमच्यातल्या एकाला पायात गोळे येऊन बसवत-बसवत न्यावं लागलं. ६०० मीटर हा आकडा कदाचित आडव्या अंतराला जवळचाच असेल. त्या आकड्यात चढ नव्हता, दगड नव्हते, दोर लावायला लागलेला वेळ नव्हता. चूक अंतरावरून वेळ ठरवण्यात होती आणि ती आमची होती.

डोंगरात वेळेचा हिशेब कसा करावा, हे विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्येच सांगून ठेवलं आहे: साधारण पाच किलोमीटरला एक तास आणि शिवाय प्रत्येक ६०० मीटर चढाला आणखी एक तास. पावागडाला लावून पाहा. साडेपाच किलोमीटरचा एक तास सहा मिनिटं, साडेसहाशे मीटर चढाचा एक तास पाच मिनिटं. निम्मा वेळ चढाचा. आमच्या दोन यंत्रांत सव्वा किलोमीटरहून जास्त फरक पडला, पण तेवढ्याने या हिशेबात पंधरा-सोळा मिनिटांचाच फरक येतो. चढ मात्र ३०० मीटरने चुकला तर अर्धा तास गेला. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर दर वीस मीटरला उंचीची रेघ असते. त्या रेघा मोजायला बॅटरी लागत नाही आणि कड्याखाली त्या थरथरत नाहीत. नळीच्या वाटेला तर नेस्मिथही अपुरा, तो चांगल्या वाटेवरच्या धडधाकट माणसासाठी आहे. तिथे वर जाऊन आलेल्या गावकऱ्याला विचारावं.

जीपीएस टाकून द्या, असं मी म्हणणार नाही. तो कुठे उपयोगी आहे ते नेमकं ओळखा, एवढंच म्हणणं आहे. आपण कुठे आहोत हे तो फार चांगलं सांगतो. रात्री, धुक्यात, वाट चुकल्यावर, जखमी माणसाची जागा बचाव पथकाला कळवताना पाच मीटर काय आणि वीस मीटर काय, ती जागा जीव वाचवते. आता जीपीएसबरोबर रशिया, युरोप, चीनचे उपग्रह आणि आपला नाविक मिळून आकाशात जास्त डोळे आहेत, त्यामुळे घळीतही पूर्वीपेक्षा बरं चालतं. किती चाललो हे मात्र तो ठिपके जोडून सांगतो आणि तिथे डोंगर त्याला फसवतो. सह्याद्रीत किंवा पावागडावर दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे धरूनच त्याचा किलोमीटर वाचावा.

म्हणून वाटा नोंदवून इतरांना देणाऱ्या सगळ्यांना एक विनंती आहे. नुसता किलोमीटरचा आकडा देऊ नका. यंत्र दर किती सेकंदांनी टिपत होतं ते लिहा. चढ किती, तो हवेच्या दाबावरून काढला की नकाशावरून, ते लिहा. किती जण होतात, पाठीवर ओझं किती होतं, ऊन होतं की पाऊस, आणि प्रत्येक टप्प्याला घड्याळाप्रमाणे किती वेळ लागला, तेही. पाणी कुठे मिळतं आणि कुठे मिळत नाही, हे सगळ्यात आधी. तुमच्या मागून येणारा माणूस तुमच्या आकड्यावर पाणी वाटून घेणार आहे.

आमच्या वहीतली पावागडाची नोंद अशी. पायथ्यापासून माची, दरवाज्यांच्या वाटेने, दोघं, हलकं ओझं, फीत मोजायचा वेळ वगळून दीड तास. माचीला चहा-पाणी मिळतं, बाटली तिथेच भरून घ्यावी. माचीपासून वर तीन विसावे. पहिल्यावर आणि तिसऱ्यावर सावली आहे, दुसऱ्यावर नाही.